पोट शांत, आतडं पेटलेलं

माझ्या मावसबहिणीच्या फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी एक तपकिरी काचेची बाटली असते. वर पानाचं चित्र, खाली 'विजया' असं नाव, झाकणाला ड्रॉपर. रात्री झोपताना जिभेखाली चार थेंब. तिला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण आणणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. नऊ वर्षं झाली. त्यातले पहिले आठ महिने ती टीबीच्या गोळ्या घेत होती. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन आजार स्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं पाहताना, आणि तुकडा तपासल्यावरही पुष्कळदा सारखेच दिसतात, आणि आपल्या देशात क्षयाची शंका आधी घ्यावीच लागते. त्या आठ महिन्यांबद्दल तिचा कोणावर राग नाही. राग आहे तो नंतरच्या गोष्टींवर. स्टेरॉईडने सुजलेला चेहरा, मधूनमधून येणारा फ्लेअर, म्हणजे आजाराची उसळी, लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर नवरा-नवरीच्या आधी संडास कुठे आहे ते शोधायची सवय.

बाटली कुठून आणलीस विचारलं तर म्हणाली, "इन्स्टावर ॲड आली होती. मग एका वैद्यांशी व्हिडिओ कॉल झाला, पाच मिनिटांत चिठ्ठी मिळाली. ताई, झोप लागते गं मला."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय सांगू? भांग घेते म्हणून?"

हा लेख त्या दोन वाक्यांबद्दल आहे. झोप लागते, हे पहिलं. आणि डॉक्टरांना सांगता येत नाही, हे दुसरं. माझं म्हणणं आधीच मांडते, म्हणजे वाचणाऱ्याला माझा कल शोधत बसावं लागणार नाही. पोटाच्या या दाहक आजारांसाठी भारतात गांजा-भांगेच्या या वनस्पतीच्या नीट, सरकारी रुग्णालयांतून, मोजूनमापून चाचण्या व्हायला हव्यात, आणि त्या होईपर्यंत क्रोन्स किंवा कोलायटिसचं (मोठ्या आतड्याचा तसाच दाहक आजार) नाव घेऊन तेल विकणाऱ्यांचे दावे बंद व्हायला हवेत. यावर गांजा खुला करा म्हणणारेही चिडतात आणि गांजाचं नाव नको म्हणणारेही.

आधी पुरावा पाहू. २०१३ साली इस्रायलमधल्या कफार साबा इथल्या मेइर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी क्रोन्सच्या २१ रुग्णांवर एक छोटी चाचणी केली. स्टेरॉईड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, महागडी बायोलॉजिक्स यांपैकी कशानेही बरं न वाटलेले हे लोक. अकरा जणांना गांजाच्या सिगारेटी दिल्या, दहा जणांना टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, काढून टाकलेल्या फुलांच्या. आठ आठवड्यांनी गांजावाल्या अकरांपैकी दहा जणांना ठळक बरं वाटत होतं, दुसऱ्या गटात दहापैकी चौघांना. काही जणांचं स्टेरॉईड सुटलं. ही बातमी जगभर पसरली आणि आजही विक्रेत्यांच्या जाहिरातींत ती कुठल्या ना कुठल्या रूपात भेटते. जाहिरातीत जे नसतं ते असं: आजार पूर्ण शमला का, हा चाचणीचा मुख्य प्रश्न होता, आणि त्यावर अकरांतले पाच विरुद्ध दहातला एक, एवढा फरक इतक्या थोड्या माणसांत योगायोगानेही पडू शकतो. शिवाय रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी ही तपासणी दोन्ही गटांत सारखीच राहिली.

क्रोन्सच्या अशा चाचण्यांत बरं वाटणं मोजतात ते एका गुणांकाने. आठवड्यात किती वेळा पातळ संडास झाली, पोट किती दुखलं, एकूण कसं वाटतं, हे रुग्णच रोज वहीत लिहितो आणि गुणांकाचा मोठा भाग तिथून येतो. आता गांजा काय करतो? आतड्याच्या स्वतःच्या मज्जाजालावर त्याला प्रतिसाद देणारी ग्राहकं आहेत. ती चाळवली की आतड्याची हालचाल मंदावते, पाझर कमी होतो, मळमळ थांबते, भूक लागते, दुखण्याची धार बोथट होते, झोप येते. म्हणजे वहीतला जवळजवळ प्रत्येक रकाना सुधारतो. आतड्याच्या अस्तरावरचा व्रण मात्र त्या वहीत लिहिलेला नसतो. (आपलं शरीर स्वतःच बनवतं त्या गांजासदृश रेणूला १९९२ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी 'आनंदामाइड' नाव दिलं, ते संस्कृत 'आनंद'वरून. शब्द आपला गेला, काम तिकडे झालं.)

पुढच्या चाचण्यांनी हेच चित्र आणखी स्पष्ट केलं. याच झाडातला नशा न आणणारा घटक, सीबीडी, थोड्या मात्रेत क्रोन्सला देऊन पाहिलं, २०१७ मध्ये, काही फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये ६० कोलायटिस रुग्णांना सीबीडीयुक्त अर्क दिला. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा आजार शमलेल्यांचं प्रमाण अर्कवाल्या गटात २८ टक्के आणि पोकळ औषधाच्या (प्लासिबोच्या) गटात २६ टक्के होतं, आणि अनेकांना अर्काची पूर्ण मात्रा झेपलीच नव्हती. मग २०२१ मध्ये इस्रायलच्याच गटाने क्रोन्सच्या ५६ रुग्णांना तोंडाने घ्यायचं तेल दिलं, म्हणजे माझ्या बहिणीच्या बाटलीच्या सर्वांत जवळचा प्रकार. लक्षणं कमी झाली, जगणं सुसह्य झालं. स्कोपीत आतडं होतं तसंच. सीआरपी आणि विष्ठेतून आतड्याची सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन, दोन्ही होतं तसंच. कोलायटिसवरच्या त्यांच्या चाचणीचीही कथा फार वेगळी नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे २०१८ मध्ये आले, त्यांनी ठाम काही सांगता येत नाही एवढंच सांगितलं.

या सगळ्याचा अर्थ लावताना दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे 'काहीच उपयोग नाही' असं म्हणणं. ज्याने रात्री सहा वेळा उठून संडासात बसून भिंतीला डोकं टेकवलेलं नाही, त्यालाच असं म्हणणं सोपं जातं. दुखणं कमी होणं हा खरा उपयोग आहे. कर्करोगाच्या रुग्णाला वेदनाशामक देताना आपण गाठ विरघळली का असं विचारत नाही.

दुसरी चूक जास्त महागात जाते. क्रोन्स गप्प बसून आतडं पोखरतो. अस्तराचा दाह चालू राहिला तर जागा अरुंद होते, नासूर होतात, शेवटी तुकडा कापावा लागतो. म्हणून तर डॉक्टर आता नुसतं बरं वाटण्यावर समाधानी नसतात, स्कोपीत अस्तर भरून आलेलं पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. आणि इथे दुखणं हाच रुग्णाला कळणारा एकमेव निरोप असतो. तो निरोपच तुम्ही दारात अडवला, तर? कॅनडातल्या कॅल्गरीच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये दाहक आतड्याच्या ३१३ रुग्णांची माहिती मांडली. क्रोन्सच्या ज्या रुग्णांनी सहा महिन्यांहून जास्त काळ गांजा वापरला होता, त्यांच्यात शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता बरीच जास्त होती. यावरून गांजानेच आतडं बिघडवलं असं सिद्ध होत नाही, कारण ज्यांचा आजार मुळात जास्त तेच गांजाकडे वळले असतील. पण हेही खोटं म्हणायला हातात काही नाही. दोन शक्यता समोर असताना रुग्णाला एकच सांगायची, हा धंदा झाला.

आता आपल्या घरच्या परंपरेकडे येते, कारण या बाटल्या तिच्याच नावावर विकल्या जातात. परंपरा खोटी नाही. ग्रहणी आणि अतिसारावर दिलं जाणारं जातिफलादि चूर्ण शार्ङ्गधरसंहितेत आहे आणि त्यात भांग हा मोठा घटक आहे. कॉलऱ्यावर गांजाचा अर्क देऊन पाहणारा डॉक्टर ओशॉनेसी १८३९ मध्ये कलकत्त्यात जे करत होता, ते इथल्या वैद्य-हकिमांना विचारूनच. पण ग्रंथ उघडून वाचले तर ते विक्रेत्यांपेक्षा प्रामाणिक निघतात. सोळाव्या शतकातला भावप्रकाश भांगेला 'ग्राहिणी' म्हणतो, म्हणजे मळ बांधणारी. 'पाचनी' म्हणतो. मोह आणि मद वाढवते हेही त्याच दमात सांगतो. दाह शमवते असं म्हणत नाही. उलट ती तीक्ष्ण, उष्ण आणि 'पित्तला', म्हणजे पित्त वाढवणारी आहे असं सांगतो. आणि रक्त पडणारा अतिसार आयुर्वेदात कशाशी जोडलेला आहे? पित्ताशी. पित्ताच्या अतिसारात पित्तकर पदार्थ घेतले की रक्तातिसार होतो, हे चरकाचं सांगणं. मी वैद्य नाही, पण ज्याला रक्त पडतंय अशा कोलायटिसच्या माणसाला फक्त पाच मिनिटांच्या कॉलवर विजया लिहून देणाऱ्याने त्याच्याच शास्त्राला काय उत्तर दिलं, हे मला जाणून घ्यायचं आहे.

मला यात एक गंमत वाटते. भावप्रकाशाचा 'ग्राहिणी' हा शब्द आणि २०२१ च्या चाचणीचा निकाल एकच गोष्ट सांगतात. संडास बांधते, भूक लावते, गुंगी आणते. त्यापुढचं जे काही बाटलीच्या जाहिरातीत असतं ते ग्रंथातही नाही आणि प्रयोगशाळेतही नाही.

मग हे विकलं कसं जातं? कायद्याच्या एका फटीतून. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे अशी व्याख्या केली. चरस वेगळा धरला. नुसती पानं आणि बिया, सोबत शेंडा नसेल तर, व्याख्येबाहेर राहिल्या. म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो, तरी महाशिवरात्रीला कुठल्या गल्लीत ठंडाई मिळते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पानांचा अर्क काढून तो आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचा असेल तर राज्याच्या आयुष परवान्यावर ते जमतं. ग्रंथात सांगितलेल्या औषधाला नव्याने गुण सिद्ध करावा लागत नाही, ग्रंथाचा दाखला पुरतो. पण ग्रंथातलं जायफळ-लवंगांबरोबर कुटलेलं चूर्ण वेगळं आणि द्रावकातून काढलेला घट्ट अर्क वेगळा. पानातही टीएचसी असतंच, अर्कात ते किती उतरलं हे उत्पादकावर. त्यातच बियांचं तेल आणि सीबीडीचं तेल यांत गोंधळ. २०२१ पासून भांगेच्या बिया आणि बियांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून चालतात. कुमाऊंत बियांची चटणी करतातच. त्यात औषधी घटक नावालाच असतात, तरी लोक कोलायटिससाठी ते चमच्याने पितात. खोबरेल प्यायलं असतं तरी एवढंच झालं असतं.

थोडक्यात, ज्या अर्काची कुठे नीट चाचणी नाही तो घरपोच येतो, आणि ज्या गोष्टीची चाचणी करायची तिचा परवाना मिळवताना संशोधकाचे जोडे झिजतात. कायद्याच्या आठव्या कलमातच वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला मुभा आहे, मग अडचण काय, असं विचारणाऱ्यांना मी मॉर्फिनची आठवण करून देते. मॉर्फिनलाही १९८५ च्या कायद्यात वैद्यकीय मुभा होतीच. पण परवान्यांवर परवाने, वेगवेगळी खाती, चूक झाली तर तुरुंग, अशी भीती बसली की औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त खाली आला. अफू पिकवून जगाला पुरवणाऱ्या देशात कर्करोगाचे रुग्ण विव्हळत मेले. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं भांडले तेव्हा कुठे २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. कागदावरची मुभा आणि हातात पडणारी बाटली यांच्यात तेवढी वर्षं आणि तेवढी माणसं गेली.

गांजाच्या बाबतीत तर आपल्याला इतिहासाचाही आधार आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल लिहिला. तेव्हा मुंबई इलाख्यात, आपल्या नगर जिल्ह्यात, गांजाची रीतसर शेती होती. कमिशनचा निष्कर्ष असा की माफक वापराने फारसं नुकसान दिसत नाही, अतिरेकाने दिसतं, सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि परवाना पुरे. एवढा पट मांडून पाहणारी चौकशी नंतर आपण स्वतःहून केलेली नाही. आज नगरमधला गांजा बातमीत येतो तो तुरीच्या किंवा उसाच्या आडोशाला सापडलेली झाडं पोलिसांनी उपटली म्हणून. शेगावच्या गजानन महाराजांच्या हातातल्या चिलमीला नमस्कार करणारा समाजही आपणच आणि हा शब्द डॉक्टरांपुढे काढायला लाजणाराही आपणच.

गोव्यात काय झालं ते आठवतं का? २०२० च्या डिसेंबरात गांजाच्या औषधी लागवडीच्या प्रस्तावाला विधी खात्याची संमती मिळाल्याची बातमी आली आणि गदारोळ उडाला. पर्यटन, पार्ट्या, तरुण पिढी, सगळं निघालं. पोटाच्या किंवा अपस्माराच्या रुग्णाचं नाव त्या आरडाओरड्यात कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, आणि त्या २७ मतांत एक मत भारताचं होतं. व्हिएन्नात एक बोलायचं आणि पणजीत दुसरं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. औषध म्हणून दार उघडलं की त्यातून बाकीचे घुसतात, असं ते म्हणतात, आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत तसं घडलं आहे. तिथे क्रोन्ससारखी नावं वैद्यकीय यादीत आली ती पुष्कळ ठिकाणी विधानसभेतल्या मतांवर, औषध नियामकाच्या तपासणीवर नव्हे. रोज भरपूर गांजा ओढणाऱ्या काहींना उलट्यांचा एक विचित्र आजार जडतो, गरम पाण्याखाली उभं राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी तो नोंदवला. ज्या माणसाचं पोटच आजारी आहे त्याच्या बाबतीत हे ओळखणं किती अवघड! विशीतल्या मुलांच्या मेंदूचा प्रश्न तर आहेच, आणि क्रोन्स नेमका विशी-तिशीत गाठतो. सीबीडी यकृतातल्या त्याच रसायनांवर भार टाकतं जी इतर कित्येक औषधं पचवतात, आणि आमच्या बहिणीच्या गोळ्यांच्या डब्यात सहा खाने भरलेले असतात.

पण हे सगळे मुद्दे चाचणीच्या बाजूने जातात, बंदीच्या नव्हे. अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्ये मान्य केलं, ते नेहमीच्या रांगेत उभं राहून, मात्रा ठरवून, दुष्परिणाम मोजून. पोटासाठी तीच रांग का नको? जम्मूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत परवान्याखाली या झाडाची लागवड आणि संशोधन चालू आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या पोटविकार विभागांत क्रोन्सचे आणि कोलायटिसचे शेकडो रुग्ण वर्षानुवर्षं येतात. दोघांना जोडणारा एक प्रयोग उभा करायला फार मोठी क्रांती लागत नाही.

आणि त्या प्रयोगाने इस्रायलच्या प्रयोगाची नक्कल करू नये. आपले प्रश्न वेगळे आहेत. चालू औषधं बंद न करता, त्यांच्या जोडीला, ठरावीक मात्रेत दिलं तर स्टेरॉईड कमी होतं का? सहा महिन्यांनी, वर्षाने स्कोपीत काय दिसतं? आठ आठवडे हा या आजाराच्या हिशेबात एक दुपार असते. खरं औषध कोणाला आणि पोकळ कोणाला हे रुग्णाला गुंगीवरून कळतंच, तर त्यावर काय तोड? ग्रंथातलं चूर्ण आणि आधुनिक अर्क शेजारी ठेवले तर? हा शेवटचा प्रश्न भारतातच विचारला जाऊ शकतो. निकाल नकारार्थी आला तरी तो कामाचाच, कारण मग बाटलीवाल्यांना दाखवायला कागद असेल.

तोवर परवान्याचा नियम अवघड नाही. अर्कात टीएचसी आणि सीबीडी किती, हे प्रत्येक घाऊक खेपेची तपासणी करून बाटलीवर छापा. ज्या आजारावर चाचणी झालेली नाही त्याचं नाव जाहिरातीत घेऊ नका. आणि डॉक्टरांनी, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, पानतंबाखू आणि दारूबद्दल विचारतात त्याच सपाट आवाजात याबद्दलही विचारावं. रुग्ण महागड्या बायोलॉजिकचे पैसे जमत नाहीत, विमा दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही, म्हणून चार थेंबांकडे वळतात. त्यात त्यांना लाज वाटण्यासारखं काही नाही.

गेल्या महिन्यात मी बहिणीबरोबर तपासणीला गेले. बाहेर बाकड्यावर तिला म्हटलं, तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आत गेल्यावर तिने पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं. ओरडले नाहीत. केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, "कधीपासून? रोज किती थेंब? यात टीएचसी किती आहे?"

तिने बाटली फिरवून पाहिली, मी पाहिली. मागे पत्ता होता, किंमत होती, 'वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे' होतं. तो आकडा कुठेच नव्हता. डॉक्टरांनी तारीख घातली, चार थेंब लिहिले, पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं आणि कॅलप्रोटेक्टिनची चिठ्ठी तिच्या हातात दिली.